मोसमाची पहिली माशी

फेब्रुवारीचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात पाऊल न वाजवता येतो. आधी खिडकीची चौकट काळी होते, कारण तिच्यामागचे आकाश तिच्याहून किंचित फिके झालेले असते. मग तावदानाच्या खालच्या कोपऱ्यात साचलेले हिम राखाडी दिसू लागते. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. टेकडी सूर्याला अडवून धरते आणि उजेड तिला वळसा घालून, नदीवरच्या धुक्यातून गाळला जाऊन, ओट धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा होऊन आत झिरपतो. किटलीच्या पोटावर एक रेघ उमटते. दाराशी काढून ठेवलेल्या बुटांना कडा फुटतात. मग टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग, ओहोटीत खडक उघडा पडावा तसा, हळूहळू वर येतो: मेणाचा गोळा, रेशमी दोऱ्याची रिळे, जरीची गुंडाळी, कोंबड्याच्या पिसांनी भरलेला बिस्किटांचा जुना डबा. या उजेडाला सावली नसते. उत्तरेच्या खिडकीतला उजेड असाच हवा, तो वस्तूवर पडत नाही, तिच्याभोवती उभा राहतो, असे आमच्या घरात म्हणत. कोण म्हणत असे, हे आठवण्याचा प्रयत्न मी त्या सकाळी केला नाही.

उजेड टेबलाशी पोहोचला तेव्हा बाबा तिथे आधीच बसलेले होते. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत त्यांनी एक लांब काळा गळ धरला होता आणि उजव्या हाताने त्यावर दोरा गुंडाळत होते. दोरा तीन वेढ्यांनंतर घसरला. त्यांनी तो सोडवला, मेणावरून ओढला, पुन्हा सुरुवात केली. अंगठ्याच्या पेरावर रक्ताचे दोन वाळलेले ठिपके होते. मी चहा ठेवला. त्यांनी मान वर केली नाही.

अकरा फेब्रुवारी होती. सप्टेंबरअखेर मासेमारीसाठी बंद झालेली स्पे नदी त्या दिवशी उघडते. पुलाखालच्या डोहाशी गाव जमते, बॅगपाइप वाजतो, पेलाभर व्हिस्की नदीला दिली जाते आणि मग मोसमातली गळाची पहिली दोरी पाण्यावर पडते. यंदा मासेमारी क्लबने ठरवले होते की, गिली म्हणून पन्नास वर्षे पाहुण्यांना सॅमन माशांपाशी नेऊन उभे करणाऱ्या फार्कर गिलँडर्सने, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिली माशी सर्वांदेखत काठावर बांधावी; माशी म्हणजे गळावर दोरा, लोकर, पिसे गुंडाळून केलेले, किड्याचा भास देणारे आमिष. तीही जुन्या रीतीने: गळ टेबलाच्या चिमट्यात न अडकवता, नुसत्या बोटांत धरून. माशी अर्थात आमच्याच नावाची. तपकिरी लोकरीचे अंग, त्यावर जरीचे वेढे, कोंबड्याच्या कमरेचे लांब राखी पीस आणि पाठीवर रानबदकाच्या पिसांचे, उपड्या घातलेल्या नावेसारखे दोन पंख. नदीच्या दोन्ही काठांवर तिला ‘गिलँडर्सची तपकिरी’ म्हणतात. क्लबच्या दिवाणखान्यात ती काचेखाली ठेवलेली आहे आणि खाली पितळी पट्टीवर बाबांचे नाव कोरलेले आहे.

बाबांनी होकार दिला तो नोव्हेंबरात, क्लबच्या वार्षिक जेवणात, सगळे उठून टाळ्या वाजवत असताना. आई जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. आणि ‘गिलँडर्सची तपकिरी’ चाळीस वर्षे आई बांधत आली होती.

हे घरात सर्वांना ठाऊक होते. मलाही होते. माझे म्हणणे इतकेच होते की, सांधे धरण्यापूर्वी बाबाही बांधत असत.

आठच्या सुमारास बेथिया आत्या आली. ती बाबांहून पाच वर्षांनी मोठी. तरुणपणी शिकारी पाहुण्यांच्या लॉजमध्ये स्वयंपाकीण होती आणि अजूनही कोणत्याही घरात शिरली की आधी चुलीकडे बघते. तिने पेज ढवळली, मीठ घातले, बाबांच्या हातांकडे एक नजर टाकली आणि त्यांना दाढी करायला पिटाळले. जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज थांबला तशी ती माझ्याकडे वळली.

“तीन महिने झाले, रोज शेडमध्ये बसतोय,” ती म्हणाली. “काही जमतंय का?”

मी म्हणालो की अंगापर्यंत जमते. दोरा, लोकर, जर. चारातली एखादी बरी होते. पिसाशी आले की अडते.

“मग ऐक. तू एक बांध. आत्ता. त्याच्या टोपीच्या अस्तरात खोचू. काठावर त्यानं वाऱ्याकडे पाठ करायची, बोटं हलवायची, थोडा वेळ गेला की टोपी सारखी करायची, झालं. मी गळपट्टा सोडून पुन्हा बांधला की समजायचं, आता काढ. तो क्लबचा टॉल्मी मास्तर चष्मा पुसेपर्यंत माशी दोरीला लागलेली असेल.”

बाबा याला तयार आहेत का, असे मी विचारले.  तिने चमचा भांड्याच्या कडेवर दोनदा आपटला. तिची ती सवय मला लहानपणापासून ठाऊक होती. चर्चा संपली, असा तिचा अर्थ.

त्या वेळी तिच्या मनात काय होते ते तिने मला पुढे उन्हाळ्यात, मटाराच्या शेंगा सोलताना सांगितले. माशी बाबांच्या नावावर चढली त्या दिवशी ती तिथेच होती. एका पाहुण्याने डोहातून बत्तीस पौंडांचा मासा काढला होता आणि सारे लॉजच्या मागच्या दाराशी जमले होते. पाहुण्याने माशाच्या जबड्यातली माशी सोडवून हातावर घेतली आणि विचारले, ही कुणाची कारागिरी? बाबा नुकते लग्न झालेले, तेविसाचे. त्यांनी ‘घरची’ म्हटले. ‘तुझी?’ पाहुण्याने विचारले, आणि बाबांनी मान हलवली. ‘हो’ म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. आत्याने ते पाहिले होते. ती पुढे होऊन बोलू शकली असती. पण भावाच्या खांद्यावर एवढ्या मोठ्या माणसाने हात ठेवलेला तिने आयुष्यात प्रथमच पाहिला होता, आणि तिला तो तिथे आणखी थोडा वेळ राहायला हवा होता. “थोडाच वेळ, वाटलं,” ती मला म्हणाली. “पुढे तुझ्या आईला, इशबेलला, मी सांगितलं तर ती हसली. म्हणाली, असू दे, मासा काय नाव वाचून गिळतो?”

मी खिडकीशी बसलो. गळ बोटांत धरला की माझे मन निवते, हे मला सांगायला संकोच वाटतो, कारण त्या सकाळी निवण्यासारखे काहीच नव्हते. दोरा मेणावरून ओढताना किर्र असा बारीक आवाज येतो. लोकर अगदी थोडी, दोन बोटांत पिंजून, दोऱ्याभोवती पिळायची. मग पीस. आमच्या माशीत पीस जाड टोकाकडून बांधतात आणि इतर सगळे ज्या दिशेने गुंडाळतात तिच्या उलट दिशेने नेतात. मग जरीचा एक वेढा त्याला आडवा छेदून जातो आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. उलट्या वेढ्यामुळेच ते लांब पीस पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलते. दुसरीकडच्या कुणी बांधलेली तपकिरी, कितीही सुबक असली, तरी आमच्या नदीवरचा माणूस ती हातात घेताच बाजूला ठेवतो.

“हे काय चाललंय?”

रोना दारात उभी होती. माझी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, ॲबर्डीनच्या रुग्णालयात परिचारिका. ती आदल्या दिवशी आली होती आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येकाकडे, नाडी तपासावी तसे, शांतपणे बघत होती. मी तिला आत्याची युक्ती सांगितली. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

ती समोर येऊन बसली. “आईच्या थडग्याच्या दगडावर काय कोरलंय, वाचलंस ना? फार्करची पत्नी. पितळी पट्टीवर तेच नाव, दगडावरही तेच. आणि आता तूही.”

“आज नको, रोना. आज ते सगळ्यांसमोर उभे राहणार आहेत.”

“म्हणूनच आज. मी नऊ वाजता टॉल्मी मास्तरांना फोन करणार होते. खरं सांगितलं तर ते समजून घेतील, चांगले आहेत ते. बाबांनी नुसती दोरी टाकावी. दोरी टाकण्यात त्यांचा हात धरणारं कोण आहे?”

“सांधे धरले म्हणून सांगू या,” मी म्हणालो. “त्यात खोटं काही नाही.”

“इनेस, सांधे चार वर्षांपूर्वी धरले. त्याआधी तू त्यांना बांधताना पाहिलंयस?”

“पाहिलंय. मी सहा-सात वर्षांचा होतो. इथे, याच खिडकीत, पाठमोरे बसलेले. त्यांचं ते हिरवट ट्वीडचं जॅकेट, कॉलर वर केलेली. मी मागून जाऊन उभा राहायचो. त्यांनीच मला शिकवलं.”

रोनाने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

“खिडकीच्या फटीतून गार वारा यायचा,” ती म्हणाली. “बाबा नदीवर बरसाती घालून जायचे. ते जॅकेट खुंटीला असायचं. बसताना आई घालायची ते.”

मी म्हणालो की तिला नीट आठवत नसेल. ती तेव्हा चौदा-पंधराची, दिवसभर शाळेत. ती उठली आणि तिने माझ्या हातातली अर्धी झालेली माशी उजेडाकडे धरली. पिसाचे धागे खिडकीच्या करड्या चौकोनात पसरले. “हुबेहूब,” ती म्हणाली आणि ती माझ्या तळहातावर ठेवून, एकदाही मागे न बघता, कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. तिने फोन केला नाही. का केला नाही, हे तिने मला त्याच आठवड्यात सांगितले: खुराड्याच्या भिंतीआड शेडची खिडकी येते, आणि तिथून तिला आत, फळीवर ओळीने मांडलेल्या, बाबांच्या तीन महिन्यांतल्या माश्या दिसल्या. पाऊणशे तरी असतील. फिसकटलेल्या, पिसे उपटलेल्या, काहींची डोकी रोगणाच्या गोळ्याखाली बुजलेली. एकही फेकलेली नव्हती. “वॉर्डात अशी माणसं पाहते मी,” ती म्हणाली. “पुन्हा चालायला शिकणारी. त्यांना कुणी खोटारडे म्हणत नाही.”

न्याहारीला चौघे टेबलाशी बसलो. आत्याने पेज वाढली, धुरावलेला मासा दुधात गरम करून ठेवला आणि बाबांच्या टोपीच्या अस्तरात, सगळ्यांच्या देखत, माझी माशी खोचली. बाबांनी ते पाहिले. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“हे कशाला?” ते म्हणाले.

“लागली तर,” आत्या म्हणाली. “नाही लागली तर नाही. झाकली मूठ आहे, फार्कर, ती काठावर जाऊन उघडायची हौस कशाला?”

“मूठ त्यांची आहे, आत्या,” रोना म्हणाली. “त्यांना ठरवू दे.”

“वा. काल येताना तर घर पेटवायला आली होतीस.”

“काल मी शेडमध्ये डोकावले नव्हते.”

बाबांनी मान वर केली. शेड या शब्दावर त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पाण्यातल्या माशाच्या हालचालीवरून त्याचे वजन सांगणारा हा माणूस लाजताना शाळकरी मुलासारखा दिसे. आत्या मग रोनाला काहीबाही बोलू लागली: एवढीच आईची कणव होती, तर ती असताना दर रविवारी यायला काय झाले होते. रोनाने ताटली बाजूला सारली. हा घाव वर्मी होता आणि दोघींनाही ते कळले. आत्याने लगेच तिच्या पुढ्यात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. आमच्या घरात क्षमा नेहमी अशी, वाढपातूनच मागितली जाते.

साडेनऊला बाबांनी मला शेडमध्ये बोलावले. तिथे दार बंद करून त्यांनी एक गळ उचलला. अंगापर्यंत त्यांनी व्यवस्थित बांधले. श्वास रोखून, ओठ आत घेऊन. मग राखी पीस हातात घेतले, ते इकडून तिकडे फिरवले आणि माझ्याकडे न बघता विचारले:

“कुठल्या टोकानं?”

मला प्रश्न समजला नाही, असे मी दाखवले.

“हे पीस. जाड टोक आधी, की शेंडा?”

“जाड,” मी म्हणालो. “आणि उलट दिशेनं, बाबा. तुमच्याकडून बाहेर.”

“उलट,” ते म्हणाले. “हां. जाड आणि उलट.” त्यांनी ते तीन-चारदा ओठांतल्या ओठांत म्हटले. मी फळीकडे बघत राहिलो. माणूस विसरतो, मी स्वतःला सांगितले. चार वर्षे हात लावला नाही तर बोटे विसरतात; आणि आईच्या जाण्याने त्यांचे कितीतरी विसरायला झाले आहे, गोळ्यांची वेळ, घड्याळाची किल्ली, कधी कधी दिवस. या विचाराला मी घट्ट धरून ठेवले, पण तो मेण न लावलेल्या दोऱ्यासारखा बोटांतून सरकत होता.

नदीपर्यंतची वाट दहा मिनिटांची आहे. बाबा पुढे, हातात गळाची चौदा फुटी काठी, मागे आत्या, तिच्या कोपराला धरून रोना, शेवटी मी. त्या वाटेवर बाबा काय विचार करत होते हे त्यांनी कधीच सांगितले नाही, म्हणून मी ते रचतो आहे. मला वाटते, ते नदीचाच विचार करत असतील. पाणी दोन बोटे चढलेले आहे, रंग चहासारखा, वारा खालून वर. मासा असेल तर पलीकडच्या अर्ध्या बुडलेल्या खडकामागे. जे येते त्याचा विचार करणे, जे येत नाही त्यापासून पळण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग असतो.  मी मात्र मोजत होतो: लोकर चार मिनिटे, जर एक, मग पीस.

डोहाशी साठ-सत्तर माणसे होती. बॅगपाइप वाजून संपला. क्लबचे सचिव टॉल्मी मास्तर, ज्यांनी मला आणि रोनाला दोघांनाही प्राथमिक शाळेत वाचायला शिकवले, थोडे भाषण करून बाजूला झाले. भाषणात त्यांनी आईचेही नाव घेतले: अशा माणसाला इतकी वर्षे गरम जेवण देणारी. रोनाने जमिनीकडे पाहिले. मग बाबांनी हातमोजे काढले, खिशातून गळ काढला आणि गर्दी, दार लोटल्यासारखी, गप्प झाली.

त्यांनी वाऱ्याकडे पाठ केली नाही. आत्याने ते पाहिले आणि तिचा हात गळपट्ट्याशी गेला.

दोरा बसला. लोकर बसली, थोडी जाड, पण बसली. जरीचे शेवटचे टोक त्यांनी दातांत धरून ठेवले, आणि कुणीतरी कौतुकाने हसले. मी श्वास सोडला. मग त्यांनी पीस घेतले. वाऱ्याने ते त्यांच्या बोटांत एकदा उलटले, दोनदा उलटले. त्यांनी ते गळाला टेकवले आणि दोऱ्याचे दोन वेढे दिले. शेंड्याकडून.

मी डोळे मिटून घेतले नाहीत, एवढेच स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. टॉल्मी मास्तर पुढे झुकले. त्यांच्या भुवया किंचित जवळ आल्या. फळ्यावर चांगल्या विद्यार्थ्याने चुकीचा अंक लिहिला की त्या जशा येत, तशा. त्यांच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्या गिलींनी एकमेकांकडे पाहिले. आत्याने गळपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. सोडला, पुन्हा बांधला.

बाबांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचा उजवा हात टोपीपर्यंत गेलाही. तिथे तो थोडा वेळ थांबला, काहीतरी आठवत असल्यासारखा, आणि खाली आला. मग त्यांनी गळ माझ्यापुढे धरला.

“तू बांध,” ते म्हणाले.

मला गर्दीत उभे राहणेही जमत नाही. चर्चमध्ये मी खांबाआड बसतो. पण गळ माझ्या बोटांत आला आणि बोटांनी माझी वाट पाहिली नाही. त्यांनी ते दोन वेढे उलगडले, पीस फिरवले, जाड टोक धरले. गर्दी दूर गेली. धागे एका बाजूला सारायला मी पीस ओलसर बोटांतून ओढले, पहिला वेढा माझ्यापासून बाहेर दिला, दुसरा त्याच्या पुढे. जर त्याला छेदून गेली. बदकाची दोन पिसे पाठीवर नावेसारखी उपडी घातली. डोक्याचे शेवटचे वेढे देताना मला जाणवले की मी श्वासही कुणाच्या तरी लयीत घेत आहे, हळू, नाकाने, आणि प्रत्येक वेढ्याअखेर ‘हं’ असा अगदी बारीक हुंकार देत आहे. बाबा असा हुंकार देत नाहीत. बाबा श्वास रोखतात.

टाळ्या वाजल्या. टॉल्मी मास्तरांनी माशी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सारून ती डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हीच,” ते म्हणाले. “अगदी हीच. घराण्याचा हात. तुला वडिलांनीच शिकवलं, नाही का इनेस?”

प्रश्न प्रेमाने विचारलेला होता. उत्तर त्यांनी त्यातच घालून दिले होते. फक्त मान हलवायची. माझ्या डावीकडे रोना होती, उजवीकडे आत्या. आणि मला वाटले होते त्याच्या उलट, आत्या डोळ्यांनी मला काहीच सांगत नव्हती. तिने गळपट्टा मुठीत घट्ट धरला होता आणि ती, सत्तरी उलटलेली बाई, घाबरलेल्या मुलीसारखी भावाकडे बघत होती. बाबांनी टोपी काढली होती. त्या वाऱ्यात त्यांचे उरलेले पांढरे केस उभे राहिले होते.

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले.

“आईनं,” मी म्हणालो.

कुणालाच ऐकू गेले नाही असे मला वाटले, म्हणून मी पुन्हा म्हणालो. “आईनं शिकवलं. काचेखाली आहे ती तिची आहे. सगळ्या तिच्याच आहेत.”

रोनाचा हात माझ्या पाठीवर आला. टॉल्मी मास्तर चष्मा डोळ्यांवर घेऊन एकदा बाबांकडे, एकदा माशीकडे पाहू लागले. गर्दीत कुणी खोकले. ती शांतता मला सोसवेना. बाबांभोवती ती वाढत चालली होती, आणि मला त्यांच्या अंगावर काहीतरी पांघरायचे होते.

“म्हणजे, आधी बाबाही बांधायचे,” मी घाईने म्हणालो. “सांधे धरायच्या आधी. मी पाहिलंय, खिडकीत—”

“इनेस,” बाबा हळू म्हणाले. “पुरे, बाळा.”

त्यांनी टॉल्मी मास्तरांच्या हातातून माशी घेतली. दोरीला गाठ मारताना त्यांना बघावेही लागले नाही. ती गाठ त्यांनी पन्नास वर्षे, पाहुण्यांच्या पन्नास वर्षांच्या दोऱ्यांना, काळोखातही मारली होती. गाठ ओठांत ओली करून त्यांनी घट्ट ओढली. पेलाभर व्हिस्की पाण्यात गेली.  मग बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, काठी उचलली, आणि दोरी त्यांच्या मागे एकदा उलगडून, सावकाश, संपूर्ण डोह ओलांडून पलीकडच्या खडकामागे जिथे पडायला हवी तिथे पडली. काठावरच्या एका म्हाताऱ्या गिलीने टोपी काढली. मागून दुसऱ्यानेही.

आत्या माझ्याजवळ सरकली आणि तिने माझे थंडगार झालेले बोट आपल्या मुठीत घेतले. आम्ही तिघे तिथे उभे राहून त्यांना बघत होतो: पाठमोरे, बरसातीत, वाकलेले खांदे, पाण्याकडे लागलेले डोळे. नदीवर मी त्यांना असे हजारदा पाहिले होते. घरात, खिडकीशी, कधीच नाही.

आई असेपर्यंत माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही माशी बांधलेली नव्हती.